निबंधपरीक्षण, गणितीय (व्हिक्टोरियन काळ)

शास्त्रीय नियतकालिकाकडे आलेला शोधनिबंध प्रसिद्धीपूर्वी तज्ञांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीस निबंधपरीक्षण म्हणतात. राणी व्हिक्टोरिया हिच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) ब्रिटनमध्ये ही पद्धत रूढ झाली.

लंडनच्या रॉयल सोसायटीने फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स (स्थापना १६६५) या नियतकालिकाची जबाबदारी १७५२ मध्ये स्वतःकडे घेतली व निबंधांची निवड एका समितीकडे सोपविली. समिती मतदानाने निर्णय देई. लेखी अहवालांची प्रथा विल्यम ह्यूएल (१७९४–१८६६) यांच्या पुढाकाराने १८३२ च्या सुमारास सुरू झाली. पृथ्वी व शुक्र यांच्या गतींवरील जॉर्ज एअरी यांचा गणितप्रधान निबंध ह्यूएल आणि जॉन लबक (१८०३–६५) यांच्याकडे आला, तेव्हाच या पद्धतीतील मूलभूत मतभेद उघड झाला. ह्यूएल यांना निबंधाचे महत्त्व विशद करावयाचे होते, तर लबक यांना त्यातील उणिवा दाखवावयाच्या होत्या. पुढे अहवाल गोपनीय राहू लागले व परीक्षकाचे कार्य मुख्यत्वे न्यायाधीशाचे बनले.

या पद्धतीने अपरिचित लेखकांनाही संधी मिळाली. विद्यापीठीय शिक्षण न झालेले शाळाशिक्षक जॉर्ज बूल (१८१५–६४) यांच्या विश्लेषणातील सर्वसाधारण पद्धतीवरील निबंधास १८४४ मध्ये रॉयल पदक मिळाले. याउलट अनुभव जॉन जेम्स वॉटरस्टन (१८११–८३) यांना आला. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक छात्रांना शिकवीत असताना त्यांनी १८४५ मध्ये वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतावर निबंध पाठविला. समान तापमानास भिन्न वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते, हा निष्कर्ष त्यात होता. लबक व बेडन पॉवेल या परीक्षकांनी तो नापसंत केला. एका अहवालात तर तो निव्वळ निरर्थक ठरविला गेला. सोसायटीपुढे वाचलेला निबंध परत देण्याचा नियम नव्हता आणि वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती. त्यामुळे मूळ लेख दप्तरातच पडून राहिला. दरम्यान जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये हा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला.

लॉर्ड रॅली यांना १८९१ मध्ये हा लेख सापडला व १८९२ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. तेव्हा वॉटरस्टन हयात नव्हते. मोठी कल्पना मांडण्यापूर्वी तरुण लेखकाने मर्यादित विषयांवरील कामाने मान्यता मिळवावी, असे रॅली यांनी प्रस्तावनेत सुचविले. गणिती युक्तिवादाच्या परीक्षणावरही लेखकाच्या प्रतिष्ठेचा प्रभाव पडतो, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.