अ‍ॅपवर गट नंबर, लागवडीची तारीख भरताय? आधी हे वाचा

खत-बियाण्याचं अ‍ॅप नाव, मोबाइल, गट नंबर, पीक, लागवडीची तारीख विचारतं. सल्ला फुकट मिळतो, म्हणून आपण भरून देतो. यात लपवण्यासारखं काय, असं बऱ्याच जणांना वाटतं.

रावेर-यावलची केळी घ्या. लागवडीची तारीख कळली की बाग कटाईला कधी येईल, याचा अंदाज बांधता येतो. तयार घड थांबत नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊकच आहे. पण कोणाची बाग कोणत्या आठवड्यात येणार आणि कोणाच्या डोक्यावर किती कर्ज, हेही त्याला कळलं तर भाव तोच ठरवणार. कापूस घरात ठेवता येतो, पण नड असली की तोही विकावाच लागतो.

कर्जाच्या अ‍ॅपचं याहून वाईट. ‘अलाऊ’ दाबलं की सोयऱ्याधायऱ्यांचे नंबरही जातात. हप्ता थकला की फोन त्यांना! रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनांत कर्जाच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट, फोटो, कॉलची यादी घ्यायला मनाई केली आहे. अ‍ॅप नंतर काढून टाकलं तरी गेलेले नंबर परत येत नाहीत, म्हणून परवानगी आधीच नाकारा. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा.

२०२३ च्या डेटा कायद्यानुसार माहिती कशासाठी हवी, हे कंपनीने सांगायचं. ते मराठीतून मागता येईल, दिलेली संमती मागेही घेता येईल. दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारजमा होणार, शेतकऱ्याला नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले; कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. तोवर सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या अ‍ॅपला काय परवानगी दिलीय, ते स्वतःच तपासा.