दिव्यांच्या कमानीची हकीकत

अमेरिकेंत कित्येक हौशी कारागीर नाताळच्या झाडावर टांगावयाच्या नक्षीचे नमुने स्वतः रेखितात, पातळ फळींतून कापितात व धर्मादाय विक्रीस देतात. कृति सोपी दिसते. कागद फळीवर चिकटवावयाचा, भोंक पाडून त्यांतून बारीक पातें ओवावयाचें व आंतली नक्षी आधीं कापावयाची. बाहेरची कड आधीं कापिली तर हातीं धरावयास कांहींच उरत नाहीं!

या कलेंतील एक प्रसिद्ध नमुना जर्मनींतील एर्त्सगेबिर्गे डोंगरांतला: नाताळांत खिडकींत उजळणारी दिव्यांची कमान. ज्ञात असलेली सर्वांत जुनी कमान योहानगेओर्गनश्टाट येथील, 1740 सालची, लोखंडाची. आज लांकडांत घरोघर कापिली जाणारी आकृति मात्र पावला योर्दान या बाईंनीं 1937 सालीं श्वार्त्सेनबेर्ग येथील प्रदर्शनासाठीं रेखिली. तींत दोन खाणकामी, एक लांकूड कोरणारा आणि लेस विणणारी एक स्त्री आहे.

वाचकांनीं त्या स्त्रीकडे नीट पाहावें. ती शोभेसाठीं बसविलेली नव्हे. खाणींतलें रुपें आटलें तेव्हां पुरुष खेळणीं घडवूं लागले, आणि बायकांनीं लेस विणून चुली पेटत्या ठेविल्या. तेल महाग, म्हणून एका दिव्याभोंवतीं पाण्यानें भरलेले कांचेचे गोळे ठेवून, त्यांतून एकवटलेल्या उजेडांत अनेकजणी रात्रीं काम करीत.