तासाचा भाव आणि कामाचं मोल

आजचा विषय वरवर धंद्याचा वाटेल, पण आपण तो इतिहासाच्या अंगाने घेणार आहोत.

पुण्यात आज सेवा विकणाऱ्यांची कमी नाही. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, आर्किटेक्ट आहेत, सीए आहेत, घरी बसून डिझाइनची कामं करणारी तरुण मुलं आहेत. या सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो. पैसे घ्यायचे कशाचे? लागलेल्या तासांचे, की गिऱ्हाइकाला झालेल्या फायद्याचे? तासाच्या भावात एक गंमत आहे. जो काम लवकर उरकतो त्याला पैसे कमी मिळतात. वीस वर्षं घासून हात बसला, पाच तासांचं काम एका तासात व्हायला लागलं, की कमाई पाचवा हिस्सा! म्हणून हल्ली सल्ला दिला जातो, की तास मोजू नका, मोल सांगा. हा सल्ला परदेशातून आला असं आपल्याला वाटतं. पण मोलावर दाम ठरवण्याची पद्धत आपल्या गावांत शेकडो वर्षं चालू होती. ती कशी चालली आणि का मोडली, हे आज पाहू.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक 1915 सालचं. त्यात बलुतेदारीचं बारीक वर्णन आहे. सुताराने नांगर दुरुस्त केला तर त्याला त्या वेळी पैसे मिळत नसत. किती वेळ लागला हे कोणी विचारत नसे. पीक निघालं की खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. आता बघा, हा वाटा सगळ्यांना सारखा नव्हता. बलुतेदारांच्या तीन ओळी असत, थोरली, मधली आणि धाकटी. गावोगाव याद्या थोड्या बदलत. पण ज्याच्यावाचून शेती अडते तो सुतार, लोहार थोरल्या ओळीत, आणि परीट, न्हावी मधल्या ओळीत. म्हणजे कुणब्याला ज्याचा उपयोग जास्त, त्याचा वाटा मोठा. आजच्या भाषेत हा मोलावर ठरलेला दामच झाला. पीक बुडालं तर बलुतेदाराचाही वाटा बुडे, म्हणजे जोखीमही वाटलेली.

ऐकायला छान वाटतं. पण मग हे मोल ठरवत कोण होतं? उत्तर आहे, रिवाज. घेणाऱ्याला दुसरा सुतार आणता येत नसे आणि देणाऱ्याला दुसरं गाव सहज धरता येत नसे. 'नको' म्हणायची सोय दोन्ही बाजूंना नव्हती. त्यातून काय होतं, याची दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण पुणे जिल्ह्यातलं. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीशिवाय लग्नं लागू लागली. पण ग्रामजोशीपण हे वतन होतं. जोशीबुवांचं म्हणणं, 'आम्हाला बोलवा अगर न बोलवा, आमचा हक्क आम्हाला पोचला पाहिजे.' जुन्नर, ओतूर भागात हा वाद चांगलाच पेटला. असे दावे कोर्टात गेले आणि 1870 च्या दशकाच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत वतनदार जोशाचा हक्क मान्यही झाला होता. सेवा घेतली नाही, तरी दाम द्यायचा! हा गुंता सुटायला 1926 साल उजाडलं. सी. के. बोले यांनी लावून धरलेल्या, 'जोशी बिल' म्हणून गाजलेल्या विधेयकाचा कायदा झाला आणि न बोलावलेल्या जोशाचा दक्षिणेवरचा दावा संपला. गिऱ्हाइकाला नकाराचा हक्क मिळायला पन्नास वर्षं लागली.

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे, आणि जास्त दुखरं आहे. महार वतनदाराला सरकारी आणि गावकीच्या कामासाठी दिवसा-रात्री केव्हाही हजर राहावं लागे. तो नसला तर घरातलं दुसरं माणूस जाई. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि बलुतं, तेही लोकांच्या मर्जीवर. 19 मार्च 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. त्यांचा रोख असा, की कामं कोणती ते लिहून ठरवा, बलुत्याऐवजी पैसे वसूल करून द्या, आणि ज्याला वतन सोडायचं त्याला ते सोडता येऊ द्या. विधेयक पुढे त्यांना मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगारांची ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं.

इथे आपण थोडं थांबू. आज आपण म्हणतो, तास मोजणं म्हणजे कौशल्याचा अपमान. पण ज्याचे चोवीस तास दुसऱ्याच्या ताब्यात होते, त्याच्यासाठी कामाची हद्द ठरणं ही मुक्ती होती. मुंबईच्या गिरण्यांतही तसंच. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. घड्याळ हे मालकाचं हत्यार खरंच, पण ते कामगाराची ढालही झालं.

आता परत पुण्यात येऊ. 1980 साली पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला. मागण्या साध्या होत्या, पगारवाढ आणि रजा. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरकामाचा भाव कसा ठरतो पाहा. धुण्याचे इतके, भांड्यांचे इतके, केर-फरशीचे इतके, आणि घरात माणसं किती त्यावर कमी-जास्त. हा तासाचा भाव नाही. चार घरं भराभर उरकणाऱ्या बाईला हा हिशोब सोयीचा असतो. पण 'एवढं जरा करून जा' म्हणत काम वाढतं आणि पगार तोच राहतो. संघटना झाली तेव्हा कामाची यादी आणि रजा यांवर बोलायला निदान बळ आलं.

मग या इतिहासातून धंदेवाल्याने काय घ्यावं? आम्हाला तरी असं दिसतं, की मोलाचा भाव चांगला, पण त्याला तीन गोष्टी लागतात. काम कुठे संपतं ते आधी लिहिलेलं हवं. फायदा कशाने मोजायचा हे दोघांना मान्य हवं. आणि दोघांनाही 'नको' म्हणता आलं पाहिजे. यातलं एकही नसेल तर तासच मोजा, त्यात कमीपणा नाही.

आणि एक शेवटचं. आपल्या कामाचं मोल व्हावं, असं आपल्याला सगळ्यांना वाटतं. उद्या सकाळी आपल्या घरी बाई अर्ध्या तासात सगळं लख्ख करून निघतील, तेव्हा आपण 'आज लवकर आटोपलं का?' असं विचारू, की काम चांगलं झालं म्हणू? तिथे आपण घड्याळाकडे बघत असलो, तर आपल्या गिऱ्हाइकानेही तेच केलं म्हणून तक्रार करू नये.