हिरव्याखालचा तपकिरी : जुन्या लष्करी गाड्यांचा मूळ रंग कसा शोधतात?

अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला शाळेची सहल गेली की भुईकोट किल्ल्यानंतर पावले वळतात ती रणगाडा संग्रहालयाकडे. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली उभारलेल्या या संग्रहालयात रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपासून १९६५ च्या युद्धात हाती आलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत अनेक वाहने मांडलेली आहेत. सगळे पाहून झाल्यावर एखादी विद्यार्थिनी हळूच विचारते, "सर, यांचा रंग तेव्हाही हाच होता का?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर सोपे नाही. उघड्यावरच्या लोखंडाला ऊन-पाऊस सोसायचा तर अधूनमधून रंग द्यावाच लागतो. म्हणजे आपल्याला दिसतो तो रंगाचा शेवटचा हात. पहिला हात कोणता होता? रणगाडा असो, की कोणा हौशी माणसाने भंगारातून सोडवून आणलेला महायुद्धातला ट्रक असो, त्याची दुरुस्ती करणाऱ्याला हाच प्रश्न पडतो.

नावावरून उत्तर मिळत नाही. 'खाकी' हा शब्द आपल्याकडचाच. खाक म्हणजे धूळ किंवा राख. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या गाइड्स पलटणीला हॅरी लम्सडेन यांनी धुळीच्या रंगाचे कपडे दिले आणि पुढे हा शब्द जगभर गेला. पण एका सैन्याची खाकी पिवळसर, तर दुसऱ्याची हिरवट. शब्द एक, रंग अनेक.

म्हणून रंगांना क्रमांक देण्याची पद्धत आली. ब्रिटिश मानकांमध्ये रंगांचे नमुने क्रमांकांसह ठरवून दिलेले असत. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही 'आयएस ५' हे रंगांचे भारतीय मानक तयार झाले. मात्र ही यादी युद्धाच्या रेट्यात बदलते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लष्करी गाड्या हिरवट रंगाच्या होत्या. या हिरव्यासाठी लागणारे क्रोमियम ऑक्साइड टंचाईचे झाले आणि १९४२ च्या सुमारास 'क्र. २' चा तपकिरी रंग मुख्य ठरला. तपकिरी रंग लोह ऑक्साइडांपासून, म्हणजे गेरू-पिवडीच्या कुळातल्या मातकट रंगद्रव्यांपासून करता येतो आणि ती मुबलक मिळतात. १९४४ साली अमेरिकी गाड्यांशी जुळणारा 'क्र. १५' चा ऑलिव्ह रंग आला. पाच वर्षांत तीन रंग झाले आणि त्यातला एक बदल तर केवळ रसायनाच्या टंचाईमुळे!

मग जुने फोटो पाहावेत? कृष्णधवल फोटोत तपकिरी आणि हिरवा दोन्ही करड्या छटांचेच दिसतात. काही जुन्या फिल्मना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे. तांबूस वस्तू त्यांत काळपट उमटत. रंगीत फोटोतले रंगही काळाने बदलतात. फोटोवरून गाडीवरचे पट्टे आणि आकडे कळतात, छटा कळत नाही.

खरा पुरावा गाडीच्या अंगावरच असतो. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ साली उतरवले, तेव्हा खालचे मूळ रूप दिसले, हे वाचकांना आठवत असेल. जुन्या गाडीचेही तसेच आहे. पत्र्यावर आधी गंजरोधक अस्तर, त्यावर कारखान्यातला रंग, मग प्रत्येक मालकाचा एकेक हात. कधी मध्येच लांबीचा थर. पॅटनसारख्या रणगाड्याचा विचार करा. तो अमेरिकेत तयार झाला, पाकिस्तानी सैन्यात गेला आणि शेवटी भारताच्या हाती आला. त्याच्या रंगाच्या थरांत तीन देशांचा इतिहास दडलेला असू शकतो.

हे थर वाचण्याची रीत अशी. पॉलिश पेपरने एकाच जागी गोल गोल हलके घासत गेले की नाण्याएवढा उतरता खळगा तयार होतो आणि झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखी रंगांची कडी दिसू लागतात. सर्वांत आत धातू, त्याभोवती अस्तर, मग पहिला रंग. ऊन न लागलेल्या जागा यासाठी उत्तम : आसनाखाली, डॅशबोर्डच्या मागे, धातूच्या पाटीखाली. पण एकाच जागेवर विसंबू नये. दरवाजा दुसऱ्याच गाडीचा बसवलेला असू शकतो. चार-सहा ठिकाणी तोच क्रम मिळाला तरच निष्कर्ष काढावा.

सापडलेला थरही जसाच्या तसा खरा मानता येत नाही. जवसाच्या तेलातला रंग अंधारात राहिला की पिवळा पडतो. तो काही दिवस उजेडात ठेवला की हा पिवळेपणा बराच कमी होतो. उघड्यावर याच्या उलट होते. रंगाचे बंधक द्रव्य उन्हाने झिजते, पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते आणि रंग फिका दिसतो. सर्व रंगद्रव्येही सारखी टिकत नाहीत. क्रोमियम ऑक्साइड आणि लोह ऑक्साइड टिकाऊ आहेत, पण प्रशियन निळा आणि क्रोम पिवळा मिसळून केलेला हिरवा काळाने बदलतो. क्ष-किरणांच्या मदतीने थरात क्रोमियम आहे की लोह, हे तपासता येते. शेवटी नमुना मानकाच्या पट्टीशी जुळवायचा, तोही दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात.

आता मुद्द्याचे. गाडी 'नवी कोरी' करताना वाळूचा मारा करून पत्रा उघडा पाडण्याची पद्धत आहे. त्यामुळे गंज जातो, पण त्या गाडीचा इतिहासही तासाभरात धुळीला मिळतो. तो पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून आधी थरांची नोंद करावी, फोटो घ्यावेत, एखादा हातभर भाग न घासता झाकून ठेवावा आणि मगच रंग द्यावा. आज आपण लावलेली छटा चुकली, तरी उद्याच्या अभ्यासकाला ती सुधारता येईल.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. पत्र्याच्या तुकड्यावर आठवड्याला एक असे चार रंगांचे हात एका गटाने द्यावेत आणि क्रम गुप्त ठेवावा. दुसऱ्या गटाने वॉटर पेपरने ओले करून घासावे आणि क्रम ओळखावा. रंग नवे आणि शिशाविरहित घ्या. जुन्या खिडक्या-दारांचा रंग मात्र मुलांना घासू देऊ नका, कारण त्यात शिसे असू शकते आणि त्याची धूळ विषारी असते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाली.

आणि पुढच्या सहलीत तोच प्रश्न आला, तर "हो" किंवा "नाही" म्हणण्याऐवजी विचारावे, "हे आपल्याला कशावरून कळेल?"