गठ्ठ्यांच्या भिंतीची कुळकथा

छत्तीसगडातील बोरसीचे नाव आज भिलाईच्या पोलादाशी जोडले जात असले, तरी या मुलखाचे मूळ धन धान हेच होय. आणि मळणी आटोपल्यावर बियाऱ्यात, म्हणजे खळ्यात, ज्याची पैरावट (गंजी) रचली जाते तो पैरा, म्हणजे धानाचा पेंढा, आपल्या भंडाऱ्याकडील तणस, येथील घरांच्या भिंतींत पिढ्यानपिढ्या शिरत आलेला आहे. मात्र तो शिरतो तो मटासी नावाच्या पिवळसर मातीत कालवून, पायांनी तुडवून, वाळताना भिंतीस भेगा पडू नयेत एवढ्याच बेताने. पेंढ्याचीच भिंत व्हावी आणि माती केवळ गिलाव्यापुरती उरावी, ही कल्पना येथे उपजली नाही. भिंतीजोगी माती मुबलक, पैरा गुरांना हवा, आणि तो आवळणारे यंत्र नाही, अशा स्थितीत ती उपजावी तरी कशी?

मोकळा पेंढा भार पेलत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घोड्यांच्या बळावर चालणारी दाबयंत्रे आली, त्यांतून गवताचे चौकोनी, करकचून बांधलेले गठ्ठे निघू लागले, तेव्हा कुठे त्या यःकश्चित वस्तूस विटेची योग्यता प्राप्त झाली. नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांवर झाडे नव्हती आणि तेथील भुसभुशीत जमिनीची ढेपळे भिंतीत टिकत नसत. अशा मुलखात १९०४च्या किंकेड कायद्याने वहिवाटीच्या शर्तीवर ६४० एकर जमीन देऊ केली, तेव्हा नव्या खातेदारांनी निरुपायाने गठ्ठ्यावर गठ्ठा चढवून घरे उभारली. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बेयर्डजवळ अशी एक शाळा बांधली गेली होती. तिच्या गिलाव्याची तजवीज राहून गेली आणि ती गाईंनी खाऊन टाकली. (विद्यार्थ्यांस याचे कितपत दुःख झाले, याविषयी दप्तरे मौन पाळतात.) उलट आर्थर गावचे १९२८चे प्रार्थनामंदिर, गिलावा असल्यामुळे, आजही उभे आहे.

आता गठ्ठे बांधणारी यंत्रे आपल्याही शिवारांत फिरू लागली आहेत. बोरसीस असे घर हातांनी बांधू इच्छिणाराने जोते दगडाचे व चांगले उंच घ्यावे, गठ्ठे विटांप्रमाणे सांधे मोडून रचावेत, बांबूच्या मेखांनी जखडावेत, वर लाकडी चौकट ठेवून छपराचा भार द्यावा आणि काही आठवडे भिंत त्या ओझ्याखाली बसू द्यावी. घाईने केलेला गिलावा पुढे तडकतो. भाताच्या पेंढ्यात सिलिका अधिक, म्हणून तो सावकाश कुजतो खरा. पण ओल शंभरात वीस भागांवर गेली की बुरशी धरतेच. प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटात हात खुपसावा. ऊब लागली किंवा कुबट वास आला, तर तो निःशंकपणे उकिरड्यावर टाकावा. गच्च दाबलेल्या पेंढ्यात वारा खेळत नसल्याने गिलाव्याआडची ही भिंत सहजी पेटत नाही. भय असते ते बांधकामाच्या जागी विखुरलेल्या काडीचे. हातभर जाडीच्या अशा भिंतीमागे वैशाखाची झळ उशिरा पोहोचते, आणि म्हणून वीजतारेविना, एखाद्या लहानशा सौरपाटीवर चालणाऱ्या पंख्यातही निभाव लागतो.

काम पौषात काढून मृगापूर्वी संपवावे, वळचणी लांब सोडाव्यात. आणि गिलावा होईतो भोवती काटेरी कुंपण असू द्यावे, कारण पैऱ्यावरील गुरांचा हक्क या मुलखात फार जुना आहे.