एमपीटीपी

मेंदूतील पेशींना घातक असणारे एक संश्लेषित रसायन. पूर्ण नाव १-मेथिल-४-फिनिल-१,२,३,६-टेट्राहायड्रोपिरिडीन. नशेसाठी ते कोणी मुद्दाम बनवले नव्हते. एमपीपीपी हे पेथिडिनच्या जवळचे, अफूसारखा परिणाम करणारे द्रव्य बनवताना प्रक्रिया बिघडली, की उपपदार्थ म्हणून ते तयार होते. न तपासलेले मादक द्रव्य स्वतःवर वापरण्यातला धोका वैद्यकाला इतक्या स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवला असेल.

१९७६ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड राज्यात रसायनशास्त्राच्या एका २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने एमपीपीपी घरीच तयार करून टोचून घेतले. काही महिने त्याला काहीही अपाय झाला नव्हता. मग एकदा घाईत काही टप्पे गाळले गेले आणि थोड्याच दिवसांत त्याचे अंग ताठरले, बोलणे थांबले. आधी हा मानसिक आजार समजला गेला. कंपवातावरचे लेव्होडोपा हे औषध दिल्यावर सुधारणा झाली, तेव्हा तो कंपवात असल्याचे कळले. संशोधकांनी त्याच्या पद्धतीने बनवलेले मिश्रण रॅट जातीच्या उंदरांना टोचून पाहिले, पण उंदीर थोड्या वेळाने पूर्ववत झाले. या जातीच्या उंदरांवर या विषाचा फारसा परिणाम होत नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. ही हकीकत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली, पण फारशी कोणाच्या नजरेत आली नाही.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्यात ‘सिंथेटिक हेरॉइन’ म्हणून विकली जाणारी पूड टोचून घेतलेले काही जण एकामागून एक रुग्णालयात आले. पहिला रुग्ण चाळिशीतला होता. डोळे उघडे, तोंडातून लाळ गळते आहे, हाक मारली तरी प्रतिसाद नाही. त्याची बोटे किंचित हलताना दिसली म्हणून डॉक्टरांनी हातात पेन्सिल दिली. त्याने अतिशय संथपणे लिहिलेल्या मजकुरावरून कळले, की तो पूर्ण शुद्धीवर आहे, सगळे त्याला समजते आहे, फक्त शरीर हलवता येत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी पुडीचे नमुने मिळवून तपासले, १९७९ चा लेख शोधून काढला आणि १९८३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एमपीटीपीकडे बोट दाखवले.

एमपीटीपी स्वतः फारसे विषारी नाही. मेंदूत शिरल्यावर मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे विकर त्याचे एमपीपी+ मध्ये रूपांतर करते. हालचालींच्या नियंत्रणासाठी लागणारे डोपामाइन बनवणाऱ्या पेशी हे विष डोपामाइनच्याच वाटेने आत ओढून घेतात. तेथे ते तंतुकणिकांचे ऊर्जानिर्मितीचे काम बंद पाडते आणि पेशी मरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. लेव्होडोपाने हालचाल सुधारते, पण औषधाचे दुष्परिणामही सोसावे लागतात. दोन रुग्णांच्या मेंदूत पुढे स्वीडनमधील लुंड येथे गर्भपेशींचे रोपण करण्यात आले. त्यांच्यात लक्षणीय सुधारणा झाली, पण ते पूर्ण बरे झाले नाहीत. याच विषामुळे माकडांमध्ये कंपवात निर्माण करून त्याचा अभ्यास करणे शक्य झाले. संशोधनाला झालेला हा लाभ मोठा आहे. त्याची किंमत मात्र रुग्णांनी मोजली.

मादक द्रव्यांच्या अशा स्वप्रयोगाचे समर्थन करताना स्विस रसायनज्ञ अल्बर्ट हॉफमन यांचे नाव हटकून घेतले जाते. त्यांनी १९४३ मध्ये एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य स्वतः घेतले ते शुद्ध स्वरूपात, मोजून, अगदी अल्प म्हणून ठरवलेल्या २५० मायक्रोग्रॅम मात्रेत. तरीही ती मात्रा आवश्यकतेच्या कितीतरी पट ठरली. पारंगत रसायनज्ञाचाही अंदाज असा चुकतो, तर पुडीत नेमके काय आहे हे ठाऊक नसलेल्याने अंदाज बांधायचा तरी कशाच्या आधारावर? आधीच्या वेळी काही झाले नाही, हा तर सर्वांत फसवा आधार. मेरिलँडचा विद्यार्थी त्याच भरवशावर होता.

अनोळखी द्रव्य घेतल्यावर कोणाचे अंग ताठरले, हालचाल मंदावली किंवा बोलणे बंद झाले, तर त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे, काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नये आणि उरलेली पूड किंवा गोळी फेकून न देता त्यांच्या हवाली करावी.