विरजणाचं श्रेय कुणाचं?

ओला कचरा आधी आंबवून घेतला की खत लवकर होतं, असं आपण अलीकडे सर्रास ऐकतो. या समजुतीचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

सुरुवात होळकरांच्या इंदूरपासून. १९२४ ते १९३१ या काळात तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पालापाचोळा, पऱ्हाट्या, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख हे सगळं खड्ड्यात थराथरानं घालायचं. आणि जोडीला १५ दिवसांच्या जुन्या खड्ड्यातलं थोडं खत. म्हणजे काय, तर विरजणच! खड्डा तीनदा वरखाली केला की साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१च्या पुस्तकावर नावं दोघांची आहेत. आपण लक्षात ठेवलं ते एकच.

दुसरा धागा जपानचा. तिथले शेतकरी तांदळाचा कोंडा, पेंड, मासळीची कुटी आंबवून खत करत. त्याचं नाव बोकाशी. १९८०च्या दशकात ओकिनावातल्या रयुक्यू विद्यापीठाचे तेरुओ हिगा यांनी लॅक्टिक आम्लाचे जिवाणू, यीस्ट वगैरेंचं तयार मिश्रण पुढे आणलं. त्याला ‘ईएम’ म्हणतात. पुढे शेतातली बोकाशी घरच्या बादलीत आली.

आता बादलीत होतं काय? झाकण घट्ट, हवा नाही. कचरा आंबट होतो आणि सडवणारे जंतू मागे हटतात. हे खत नव्हे, लोणचं आहे! दोन आठवड्यांनी उघडलं तरी भाजीचे तुकडे जवळपास तसेच दिसतात. ते मातीत गाडले, हवा लागली, की मऊ झालेला माल भराभर कुजतो. पण आंबट माल थेट रोपाच्या मुळाशी घातला तर मुळं दुखावतात. आपल्यापैकी अनेकांची कुंडी इथेच फसते.

मग वेग आणला कुणी? झुरिकजवळ २००३ ते २००६ अशी चार वर्षं शेतात चाचणी झाली. एकीकडे जिवंत ईएम, दुसरीकडे तेच मिश्रण जंतू मारून. दोहोंत म्हणावा असा फरक पडला नाही. जो गुण दिसला, तो कोंड्यासारख्या मालातल्या अन्नद्रव्यांचा होता.

याचा अर्थ आंबवणं फुकट असा नाही. कचरा दुर्गंधीशिवाय साठतो, हे शहरातल्या घराला केवढं तरी आहे. पण विरजणाची बाटली विकत घेताना आपण हवा, ओल, माती आणि वरखाली करणारे हात विसरतो. यशवंत वाडांना विसरलो, तसंच.